कुंती आणि कात्री

रोपवाटिकेंत कुंती आतां ‘ऑरेंज जास्मिन’ झाली आहे. १७७१ सालीं लिनीअसनें तिच्या वंशास आपला शिष्य मरे याचें नांव दिलें, तें शास्त्राच्या सोयीसाठीं. हें नवें नांव मात्र निव्वळ अज्ञान होय. कुंती जाईजुईची कोणी नव्हे. ती लिंबाच्या कुळांतील, कढीनिंबाची आप्त.

नांवाचा अपराध आम्ही एक वेळ सोडून देऊं. परंतु पनवेलच्या नव्या वसाहतींत कुंपणावर चालणाऱ्या कात्रीस क्षमा नाहीं. कुंतीचे तुरे कोंवळ्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. तेच शेंडे वरचेवर छाटावयाचे, आणि झुडूप फुलत नाहीं म्हणून माळ्यास बोल लावावयाचा, ही कोणती रसिकता? कुंपण रेखीव दिसावें, असें म्हणणाऱ्यांनीं खुशाल भिंत बांधावी. सरीमागून दरवळणारी कुंती आणि तिच्या लाल फळांवर उतरणारे बुलबुल ज्यांस हवे असतील, त्यांनीं फळें सरेपर्यंत कात्री खुंटीस टांगावी.