नेत्रशस्त्रक्रियेनंतरची जागरूकता

पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात डोळ्यांची शस्त्रक्रिया म्हटली की मोतीबिंदू आणि मोतीबिंदू म्हटला की वार्धक्य, असेच समीकरण आपल्या मनात असते. परंतु एखाद्या शाळकरी मुलाचे नेत्रभिंग जागेवरून सरकले असेल आणि तो वयाच्या मानाने फार उंच, सडपातळ व लांब बोटांचा असेल, तर त्यामागे मारफान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असू शकतो. १८९६ मध्ये अशा शरीरयष्टीच्या एका मुलीचे वर्णन करणाऱ्या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाचे नाव या विकाराला मिळाले. सुमारे ५००० व्यक्तींमागे एकास तो आढळतो.

या विकारात फायब्रिलिन नावाचे प्रथिन सदोष असते. नेत्रभिंगाला धरून ठेवणारे सूक्ष्म तंतू प्रामुख्याने त्याचेच बनलेले असल्याने ते सैल होतात व भिंग ढळते. ते काढून कृत्रिम भिंग बसविता येते. मात्र मूळचा आधारच दुबळा असल्याने ते पुष्कळदा टाके घालून किंवा चिकटवून बसवावे लागते.

वाचकहो, खरी कसोटी त्यापुढे असते. शस्त्रक्रियेने भिंग बदलते, विकार बदलत नाही. अशा रुग्णांचा डोळा बहुधा लांबट व दृष्टिपटल ताणलेले असते. ते फाटून सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि तो शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. कृत्रिम भिंग पुन्हा सरकू शकते; डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे, ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे होत. त्यात वेदना नसते, म्हणूनच घरचे लोक थांबतात. सोयाबीनची काढणी आटोपू द्या, मग जालन्याला जाऊ, असे म्हणण्यात दृष्टी कायमची गमावण्याची भीती आहे. त्याच दिवशी दृष्टिपटलतज्ज्ञाकडे जावे.

या विकारात हृदयातून निघणारी महाधमनीही रुंदावते. म्हणून भूल देण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी आवश्यक ठरते. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे भावंडांचीही तपासणी करावी.

शस्त्रक्रियेची फाईल व बसविलेल्या भिंगाचे कार्ड घरातील महत्त्वाच्या कागदांसोबत जपावे आणि डोळा चांगला दिसत असतानाही डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.