हरलेल्या मुलींची गाणी

स्पर्धा संपली की पहिल्या आलेल्याचे नाव मागे उरते आणि बाकीचे मुकाट्याने घरी जातात, हा जगाचा रिवाज आहे. जपानमध्ये १९९७ साली हा रिवाज मोडला. 'असायान' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून एका रॉक गायिकेचा शोध चालला होता. हेइके मिचियो ही तरुणी विजयी झाली. पण मागे पडलेल्यांपैकी पाच जणींना त्सुंकू या गायक-संगीतकाराने एक अट घातली. पाच दिवसांत आपल्या गाण्याच्या ५० हजार सीडी लोकांपुढे उभे राहून विकायच्या. विकल्या तर त्यांचा गट उभा राहील, नाहीतर विषय संपला. पाच जणींतली सर्वांत मोठी २४ वर्षांची, कचेरीतली नोकरी केलेली. सर्वांत धाकटी १२ वर्षांची शाळकरी पोर. ओसाका, फुकुओका, साप्पोरो, नागोया अशी शहरे त्यांनी पालथी घातली आणि चौथ्याच दिवशी सीडी संपल्या. गटाचे नाव पडले 'मॉर्निंग मुसुमे'. मुसुमे म्हणजे मुलगी, लेक.

ही विक्री झाली तो नोव्हेंबर महिना जपानला सहजी विसरता येणार नाही. त्याच महिन्यात होक्काइदो ताकुशोकु ही मोठी बँक बुडाली. पाठोपाठ शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या यामाइची या शेअर बाजारातील पेढीने व्यवसाय गुंडाळला. चूक आमची आहे, नोकरांची नव्हे, असे सांगताना तिच्या अध्यक्षांना कॅमेऱ्यासमोर रडू आवरले नाही. एकदा नोकरीला चिकटले की निवृत्तीपर्यंत पाहायला नको, या भरवशावर उभा असलेला मध्यमवर्ग त्या दिवसांत हादरला. अशा वेळी एकदा नाकारल्या गेलेल्या पाच मुली पुन्हा उभ्या राहतात, हे दृश्य लोकांना आपलेसे वाटले असेल तर नवल नाही.

जपानी भाषेत अशा गायक-गायिकांना 'आयदोरु' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ मूर्ती. मूर्ती म्हटली की घडवणारा आला, मखर आले आणि बाजारही आला. ही गाणी मागणीनुसार तयार होतात, हे उघड आहे. म्हणून जाणकार नाक मुरडतात. पण मागणीनुसार बनलेली वस्तू खोटीच असते का? आपल्या चित्रपटगीतांचे काय? प्रसंग ठरलेला, कधी चालही आधी बांधलेली आणि कवीने त्यात शब्द बसवायचे. त्यातूनच आयुष्यभर पुरणारी गाणी निघाली.

मॉर्निंग मुसुमेची तीन गाणी या दृष्टीने ऐकण्यासारखी आहेत. पहिले 'फुरुसातो', म्हणजे आपला गाव, आपले मूळ घर. हे गाणे जुलै १९९९मध्ये आले. तोक्योत एकटी राहणारी मुलगी दूरच्या आईशी मनातल्या मनात बोलते, एवढाच विषय. ते गाणाऱ्या आबे नात्सुमीचे स्वतःचे गाव उत्तरेकडच्या होक्काइदोमध्ये. गाणे संथ आणि साधे आहे. विक्रीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले नाही आणि गटाचे दिवस भरले, अशी कुजबुज सुरू झाली.

दोनच महिन्यांनी, ९ सप्टेंबर १९९९ रोजी, 'लव्ह मशीन' आले. सत्तरीच्या दशकातला डिस्कोचा ठेका, लग्नाच्या वरातीसारखा गलका आणि मध्यभागी नव्याने आलेली १३ वर्षांची गोतो माकी. शब्द वरवर प्रेमाचे, पण मंदीचा उल्लेख त्यात सरळ येतो आणि देशाला बरे दिवस येतील असा दिलासाही. हा दिलासा एखाद्या मंत्र्याने दिला असता तर लोक हसले असते. या मुलींनी नाचत दिला, तेव्हा लोकही नाचले. सीडीच्या १६ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

तिसरे 'हॅपी समर वेडिंग', मे २००० मधले. लग्न ठरलेली लेक आईवडिलांचे आभार मानते. जपानी लग्नात वधू आईवडिलांना उद्देशून लिहिलेले पत्र वाचून दाखवते आणि मांडव ओला होतो. आपल्या पाठवणीशी त्याचे नाते सांगायला नको. याच गाण्यात मुलगी आपल्या नियोजित वराची वडिलांशी ओळख करून देते. तो शेअर बाजारातल्या एका पेढीत नोकरीला आहे आणि बाबांसारखाच त्यालाही मासे धरण्याचा छंद आहे. यामाइची बुडून अडीच वर्षे झाली होती. तशाच पेढीतला जावई बाबांपुढे उभा करण्यात थोडी थट्टा आहे आणि थोडा धीरही.

या गाण्यांत पट्टीची गायिका एकच नसते. एकीची ओळ दुसरी उचलते, तिची तिसरी. मंगळागौरीच्या फेरात जसा कमी-अधिक सुरांचा प्रत्येक गळा खपून जातो, तसे इथेही होते. ऐकणाऱ्या साध्या मुलीला वाटते, या फेरात मलाही जागा आहे. गाण्याची ताकद तिथे आहे.

मात्र या फेराची एक काळी बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. गटाच्या प्रमुख यागुची मारी हिचे मित्रासोबतचे छायाचित्र २००५ साली एका साप्ताहिकात झळकले आणि तिला गट सोडावा लागला. तेव्हा ती २२ वर्षांची होती. ज्यांच्या तोंडी दिवसरात्र प्रेमाचीच गाणी घालायची, त्यांनी स्वतः प्रेम करायचे नाही! हा न्याय कुठला? गट सोडण्याला तिथे शाळेतलाच 'पदवीदान' या अर्थाचा गोड शब्द वापरतात. पहिल्या पाचांतली धाकटी खरोखरच शिक्षणासाठी १९९९ साली बाहेर पडली, तेव्हा ती १४ वर्षांची होती. ज्या वयात आपण मुलांना रस्ता ओलांडताना हात धरायला सांगतो, त्या वयाच्या आसपास या मुली हजारोंपुढे उभ्या होत्या. गाणे चांगले आहे म्हणून हा व्यवहार चांगला ठरत नाही. तसेच व्यवहार वाईट म्हणून गाणे वाईट ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र मनात बाळगणे एवढेच प्रामाणिक श्रोत्याच्या हाती असते.

गट आजही चालू आहे. पहिल्यांपैकी त्यात कोणी नाही; नव्या मुली येतात, जुनी गाणी नव्या गळ्यांतून निघतात. गाणी लिहिणाऱ्या त्सुंकूंना पुढे घशाचा कर्करोग झाला. ४ एप्रिल २०१५ रोजी ओसाकाजवळच्या आपल्या जुन्या विद्यापीठात, किंकी विद्यापीठात, नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत समारंभाला ते आले, पण बोलले नाहीत. त्यांचे मनोगत पडद्यावर अक्षरांत उमटले. गायकाने आपला आवाज गमावला आहे, जीव वाचवण्यासाठी स्वरयंत्र काढून टाकले आहे, हे सभागृहाने वाचून जाणले. त्यानंतरही त्यांनी या मुलींसाठी गाणी लिहिली.

घरातली मुले परदेशी गाणी लावतात तेव्हा आपण पहिल्यांदा आवाज कमी करायला सांगतो. एखाद्या रविवारी तसे न करता शेजारी बसावे. गाणे ऐकावे, अर्थ विचारावा आणि गाणारी मुलगी किती वर्षांची आहे, हेही विचारावे.