गळती

धाकट्या भावाच्या पिकअपखाली महिनाभर रोज सकाळी तेलाचा डाग दिसत होता. सावद्याकडची केळी आठवडी बाजारांत पोचवणारी ही गाडी आमच्या घरातला मोठा आधार. ती दोन दिवस गॅरेजात उभी राहिली तर दोन बाजार बुडतात. म्हणून मागच्या रविवारी मी म्हणालो, अंगणातच बघू. भाऊ हसला. बी.एड. झालेला माणूस गाडीखाली शिरणार, याचीच त्याला गंमत वाटली.

मी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. नववीत शाळा सोडून तो गॅरेजला लागला होता, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्या दिवशी तो लग्नाला परगावी होता. ''सलाम सर. अजून काही खोलू नका. आधी पुसा.''

मला वाटत होतं, तेल खाली टपकतंय म्हणजे बिघाडही खालीच, ऑइल चेंबरच्या बोल्टपाशी. तो म्हणाला, तेल वर सुटतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं आणि भलत्याच जागी टपकतं. थेंब पडतो तिथे बिघाड शोधू नका. मग थंड इंजिन ब्रशने साफ केलं, कोरडं केलं, थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं आणि टॉर्च मारला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला ओली रेघ चमकली. खालून खात्री करायची तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा, चाकांना दगड लावा, असं बजावून त्याने स्टँडचा फोटो मागवला. मी वह्या तपासतो तसा तपासला आणि मगच परवानगी दिली.

जुनं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होऊन तडकलं होतं. नवं आणलं. पण तो म्हणाला, ''सर, आधी ब्रीदरचा पाइप काढून बघा.'' पाइप काळ्या चिखलाने भरलेला. इंजिनमध्ये साचणाऱ्या वायूंना बाहेर पडायची वाट बंद झाली की आत दाब वाढतो, आणि तेल जिथे कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर पडतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर नवंही गळायला लागलं असतं. पाइप धुतला, कव्हर बसवलं. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे आवळायचे होते. मी नको तेवढा जोर लावायला निघालो, तेव्हा भावाने माझा हात धरला. जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं.

आता खरं सांगायचं ते. याच मुलाला मी भरवर्गात म्हणालो होतो, ''अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात पाने पुसत बसशील.'' वर्ग हसला होता. आम्ही शिक्षक हे वाक्य इतक्या सहज बोलतो की त्याचा हिशेब ठेवत नाही. दोनेक महिन्यांनी तो यायचा बंद झाला. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या कोर्सला दहावी पास लागते. म्हणजे ज्या कामात त्याचा हात चालत होता, त्याचं रीतसर शिक्षणही एका वर्षाने हुकलं. त्याने शाळा सोडली ते बरंच झालं, असं मी म्हणणार नाही. कोवळ्या वयात गॅरेजात राबणं हे कौतुक नाही. पण त्याच्या हाताला लाज चिकटवणाऱ्यांत मी होतो.

शिक्षण खात्याच्या भाषेत शाळा सुटलेल्या मुलांनाही 'गळती'च म्हणतात. कारणाच्या रकान्यात आम्ही लिहितो : गरिबी, पालकांची उदासीनता. थेंब पडतो तिथलं लिहितो. वर्गात काय बोललो, ते लिहायला रकाना नसतो.

समाज म्हणूनही आपण यात मागे नाही. जलशांत आपण अभिमानाने अल-जझरीचं नाव घेतो. त्याने 1206 साली यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला आणि पाणी उपसण्याच्या पंपात चाकाच्या फिरण्यातून दट्ट्या पुढेमागे हलवला. पिकअपच्या इंजिनात हेच उलट्या बाजूने चालतं. त्याच संध्याकाळी मुलीसाठी स्थळ येतं, मुलगा गॅरेज चालवतो म्हटलं की आपण चहा संपवायची घाई करतो. मेकॅनिकांना वर्षातून दोनदा शाळेत बोलवा, विज्ञानातला दाब त्यांना शिकवू द्या, असं मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडणार आहे. हसतील. हसू देत.

त्याला ते वाक्य आठवत असेल का, हे फोनवर विचारायचं होतं. जमलं नाही. तोच म्हणाला, ''सर, हाताला आधी खोबरेल चोळा, मग साबण.''

तरी सोमवारी नखं काळीच होती. वर्गात एकीने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मागच्या बाकावरून, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलाचा आवाज आला, ''सर, ब्रीदर बघितला का?''