मृत्युकराची धास्ती आणि वारशाची हेळसांड

मृत माणसाच्या मालमत्तेवर सरकारने कर घ्यावा की घेऊ नये, ह्या जुन्या वादास २०२४ साली दोन देशांत नव्याने तोंड फुटले. एप्रिल महिन्यात लोकसभा निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात आला असताना श्री. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा-कराचा उल्लेख केला मात्र, आणि त्यावरून देशभर गदारोळ उडाला. एका पक्षाने आरोप केला, दुसऱ्याने हात झटकले आणि मतदान होताच सगळेच तो विषय विसरून गेले. पुढे ऑक्टोबर अखेरीस ब्रिटनच्या सरकारने शेतजमिनीस वारसा-करातून मिळणारी पूर्ण सूट १० लाख पौंडांपर्यंतच ठेवण्याचे आणि त्यावरील किमतीवर २० टक्के कर घेण्याचे ठरविले. नोव्हेंबरात तेथील शेतकरी लंडनच्या रस्त्यांवर उतरले. अखेरीस डिसेंबर २०२५ मध्ये त्या सरकारला ही मर्यादा २५ लाख पौंडांवर न्यावी लागली.

ब्रिटिश शेतकऱ्याची तक्रार समजण्यासारखी आहे. जमिनीची किंमत बाजार ठरवितो, उत्पन्न मात्र पीक ठरविते. आणि ह्या दोहोंचा मेळ बसत नाही. कागदावर लक्षाधीश असणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती कर भरण्यापुरतीही रोकड नसते. मग बापाच्या मागे मुलाने करासाठी शेतच विकावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. परंतु हा प्रश्न जसाच्या तसा उचलून आपल्या बांधावर आणून ठेवणे, आणि वारसा-कराचे नाव निघताच आपल्या शेतकऱ्याच्या नावाने गळा काढणे, हे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपल्याकडील वारशाचे दुखणे अगदी वेगळे आहे, आणि ते पाहावयाचे असेल तर हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जावयास हवे.

तत्पूर्वी इतिहासाची थोडी उजळणी आवश्यक आहे. कारण हा कर आपल्या देशास अपरिचित नाही. श्री. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संपदा-शुल्काचा कायदा झाला आणि १५ ऑक्टोबर १९५३ पासून अमलात आला. आरंभी एकत्र हिंदू कुटुंबातील हिश्श्यास ५० हजार रुपयांपर्यंत आणि इतर मालमत्तेस १ लाखापर्यंत सूट होती. त्या काळच्या किमती पाहता सामान्य जिरायत शेतकरी ह्या कराच्या तावडीत येण्याचा संभव फार थोडा होता. पुढे मोठ्या मालमत्तेवरील कराचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला, तरी तिजोरीत भर पडली ती नाममात्र. श्री. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्द केला, तेव्हा त्याचे उत्पन्न अवघे २० कोटींच्या घरात होते आणि ते गोळा करण्याचा खर्च त्या मानाने फार, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर आजवर हा कर ह्या देशात नाही.

शिवाय राज्यघटनेने शेतजमिनीच्या वारशावर कर बसविण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवलेला नाही. तो राज्यसूचीत आहे. म्हणजे दिल्लीच्या मनात उद्या आले, तरी शेतजमिनीस हात घालण्यापूर्वी राज्यांची संमती घ्यावी लागेल. १९५३ सालीही काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, म्हणूनच तेथील शेतजमीन त्या कायद्याखाली आली. तेव्हा धनाढ्यांच्या मालमत्तेवर पुन्हा मृत्युकर असावा की नसावा, ह्याची चर्चा खुशाल व्हावी. त्या चर्चेत तीन एकरांच्या धन्याला ढाल म्हणून पुढे करण्याचे मात्र काही कारण नाही.

आता हिंगोलीकडे वळू. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. निजामाचे राज्य, हैदराबाद राज्य, द्विभाषिक मुंबई आणि अखेर महाराष्ट्र, अशा चार राजवटी ह्या भूमीने एका पिढीच्या आयुष्यात पाहिल्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाख भरली, आणि तीतील बहुतेक खेड्यांत राहणारी. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा ही येथील पिके. वसमतच्या हळदीस तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद हे नऊ महिन्यांचे पीक. बेणे घालण्यापासून शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करण्यापर्यंत त्यास भांडवल लागते, माणसे लागतात आणि पाण्याची खात्री लागते. असे पीक घेणाऱ्या घरात जमिनीचा कागद कोणाच्या नावाचा आहे, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आणि नेमका तो कागदच अनेकदा मृताच्या नावाचा असतो. बाप जाऊन वीस वर्षे होतात, कधी आजोबा जाऊन चाळीस. सातबाऱ्यावर मात्र ते हयात असतात. कुठे ‘ए.कु.मॅ.’ म्हणून थोरल्या भावाचे नाव असते आणि धाकट्यांची नावे त्या तीन अक्षरांआड दडलेली असतात, कुठे ‘अ.पा.क.’ ह्या शेऱ्याखाली कायम अज्ञान राहिलेला वारस आता नातवंडांचा आजा झालेला असतो. मराठवाड्यात अशा वारशाचा माग काढावयाचा म्हणजे १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकापर्यंत, आणि कधी त्याहीमागे निजामकालीन दप्तरापर्यंत जावे लागते.

ह्या हेळसांडीची किंमत जिवंतास मोजावी लागते. मृताच्या नावावर पीककर्ज मिळत नाही. सामाईक खात्यावर कर्ज काढावयाचे तर सर्व हिस्सेदारांची संमतिपत्रे हवीत. विमा, अतिवृष्टीचे अनुदान, आणि एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी अनिवार्य झालेला शेतकरी ओळख क्रमांक, ह्या सर्वांचा धागा त्या एका उताऱ्यास बांधलेला आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास शासन २००६ पासून १ लाख रुपये साहाय्य देते. त्या प्रकरणातही सातबारा मागितला जातो. नवऱ्याच्या मृत्यूचे दुःख गिळून तलाठी कचेरीची पायरी चढणाऱ्या विधवेस कोणता वारसा-कर भरावा लागतो, हे कोणत्याही अर्थसंकल्पात छापलेले नसते. तो हेलपाट्यांत, मजुरीच्या बुडालेल्या दिवसांत आणि सावकाराच्या व्याजात वसूल होतो.

राज्य शासनाने ह्या बाबतीत काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. बुलढाणा जिल्ह्यात १ मार्च २०२५ रोजी सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर नेण्यात आली. चावडीवाचन करून मृत खातेदारांच्या याद्या करणे आणि वारसांची नावे लावणे, हे तिचे काम. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्कही माफ केले. तोवर मुद्रांक शुल्क १०० रुपये आणि नोंदणी शुल्क मात्र एक टक्का, कमाल ३० हजार रुपये, असा विचित्र प्रकार होता. वारसा-कर रद्द होऊन चाळीस वर्षे लोटल्यावरही भावाभावांनी सामोपचाराने वाटून घेतले की राज्य त्यांच्याकडून टक्का घेत होते! तो निर्णय योग्यच झाला.

तथापि मोहिमेला आरंभ असतो तसा शेवटही असतो. मृत्यूला मोहिमेचे वेळापत्रक ठाऊक नसते. गावात माणूस मरण पावला की त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात होते. त्याच गावाची जमीन तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या दप्तरात असते. पहिल्या दप्तरात माणूस मेलेला आणि दुसऱ्यात तो जिवंत, हा चमत्कार केवळ दोन दप्तरांची भेट होत नाही म्हणून घडतो. जमीन महसूल अधिनियमाने वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यावी, असे सांगितले आहे. वर्दी देण्याचा भार शोकाकुल कुटुंबावर न टाकता, मृत्यूची नोंद होताच वारस फेरफाराचे काम आपोआप सुरू व्हावे, अशी व्यवस्था संगणकाच्या ह्या युगात अशक्य आहे काय?

परंतु नोंद हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा वाटणीचा आहे, आणि तेथे दोष सरकारचा म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. दहा एकरांचे तीन मुलांत तीन वाटे झाले आणि पुढे प्रत्येकाच्या दोघांत पुन्हा दोन, तर नातवाच्या वाट्यास पावणेदोन एकरही येत नाही. विहीर एका भावाच्या तुकड्यात, रस्ता दुसऱ्याच्या, आणि पाण्याची पाळी भांडणात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण तो तुकड्यांची नोंद अडवितो. घरातली वाटणी त्याला थांबविता आलेली नाही. तोंडी वाटणी होते, नकाशा बनत नाही, आणि पुढल्या पिढीच्या वादाचे बी त्याच बांधात पेरले जाते.

येथे आम्हांस आमच्या वाचकांशी स्पष्ट बोलावयाचे आहे. हा वाचक पुण्यात, मुंबईत वा छत्रपती संभाजीनगरात नोकरी करतो. गावच्या सातबाऱ्यावर मात्र त्याचेही नाव असते. जमीन कसतो गावी राहिलेला भाऊ. शहरातला भाऊ ना कसत, ना विकत, ना सही करीत. राज्यात शेतजमीन घ्यावयाची तर मुळात शेतकरी असावे लागते, म्हणून ते नाव त्याला हवे असते. शिवाय भाव वाढतच असतो. ह्यात त्याचा काही दुष्ट हेतू असतो असे नाही. पण त्याच्या एका संमतिपत्रावाचून कसणाऱ्या भावाचे कर्ज अडते, विहिरीचे काम अडते, ठिबक अडते. सरकारने न घेतलेला वारसा-कर असा घरातूनच वसूल होतो.

आणि बहीण? महाराष्ट्राने १९९४ साली, आणि केंद्राने २००५ साली मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निःसंदिग्ध केला. व्यवहारात मात्र तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. शेताचे तुकडे होऊ नयेत, हे कारण तिला सांगण्यात येते. तुकडे होऊ नयेत हे खरेच. पण त्याची किंमत एकट्या बहिणीनेच का द्यावी? तीन भावांत वाटणी करताना ज्यांना तुकड्यांची चिंता वाटत नाही, त्यांना ती बहिणीच्या हिश्श्याच्या वेळी आठवावी, हा न्याय नव्हे.

शेत एकसंध राहावे आणि हिश्शाचा न्यायही व्हावा, असा मार्ग इतरांनी काढला आहे. स्वित्झर्लंडच्या १९९१ च्या ग्रामीण भूमी कायद्यानुसार स्वतः कसणारा वारस सबंध शेत आपल्याकडे मागू शकतो. त्याची किंमत बाजारभावाने न धरता शेतीच्या उत्पन्नावरून धरली जाते. मात्र त्याने २५ वर्षांच्या आत ते विकले, तर झालेल्या नफ्यात इतर वारसांचा वाटा असतो. कसणारा टिकतो, आणि भाऊबहिणींच्या हक्काचा सट्टाही होत नाही. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाने सहवारसास हिस्सा प्रथम विकत घेण्याचा हक्क दिलेलाच आहे. तो शेतजमिनीसही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. पण हक्क असून उपयोग काय? बहिणीचा वा शहरातील भावाचा हिस्सा घेण्यास कसणाऱ्याजवळ पैसा कोठे आहे? ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळते, तसे हिस्सा-खरेदीसाठी दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे कर्ज जिल्हा बँकांनी द्यावे आणि शासनाने त्यास हमी द्यावी. त्याजोडीने पोटहिश्शाची मोजणी नाममात्र शुल्कात व्हावी. ह्यास येणारा खर्च कर्जमाफीच्या एखाद्या फेरीपुढे किरकोळ ठरेल, अशी आमची समजूत आहे.

मृत्युकर येईल की नाही, हे भविष्य वर्तविण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. तो आला तरी तीन एकरांच्या शेतास त्यातून वगळण्याइतके शहाणपण आपल्या विधिमंडळांस असेल, असा आम्हांस भरवसा आहे. पण न आलेल्या कराविरुद्ध आरडाओरडा करणारे राजकारणी, आणि चाळीस वर्षे सही लांबविणारे आपण सुशिक्षित, ह्यांनी मिळून हिंगोलीच्या शेतकऱ्यावर लादलेला भार आजच काढता येण्यासारखा आहे. शासनाने आपली दोन दप्तरे एकमेकांस जोडावीत. आणि ज्यांची नावे गावच्या उताऱ्यावर आहेत, त्यांनी ह्या दिवाळीत गावी जाल तेव्हा भाऊ, बहीण आणि विधवा वहिनी ह्यांना एकत्र बसवून वाटणीचा कागद पुरा करावा. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.