धुऱ्यावर पाऊल न टाकणारे पोर

रोवणीच्या दिवसांत वडशाजवळच्या एका गावी धानाच्या बांध्या पाहायला गेलो होतो. घरधन्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा काही केल्या धुऱ्यावर पाऊल टाकीना. बाप खेकसला, "एवढा घोडा झाला, अन् भितो!" मीही शहाणपणा केला. पोराला बखोटीला धरून उचलले आणि पलीकडे नेऊन ठेवले. ते थरथर कापत होते. आजी म्हणाली, "साहेब, तो बंडीत बी बसत नाही. मंडईतल्या पाळण्याकडे तर पाहत बी नाही."

तालुक्याला आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे. कानाच्या अगदी आत तीन वाकड्या नळ्या असतात. मान फिरली की त्यांतले पाणी हलते. शेजारच्या दोन पिशव्यांत चुन्याच्या जातीचे बारीक कण असतात. वर कुठे, खाली कुठे, हे त्यांवरून मेंदूला समजते. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडाच म्हणा ना! या तोलाच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काही मुलांना हा निरोप फार जोरात पोचतो. पाय जमिनीवरून सुटला की विहिरीत पडल्यासारखे वाटते. काहींना उलट कमी पोचतो; ती दिवसभर गरगर फिरतात, तरी समाधान नाही. अमेरिकेतील जीन आयर्स या बाईंनी १९७२ साली यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या सगळ्याच म्हणण्यावर जाणकारांचे एकमत नाही. पण पोर सोंग करीत नाही, एवढे मला पटले.

कोवळ्या पऱ्ह्यांवर आपण एकदम हातभर पाणी चढवतो का? तसेच इथे. झोका इतका खाली बांधा की पाय जमिनीला टेकतील. झोका त्यानेच घ्यावा, थांब म्हणताच थांबवावा. आधी जमिनीवरच्या फळीवरून चालू द्या, मग रुंद धुऱ्यावरून. चिडवू मात्र नका.

नीट चालणारे पोर अचानक झोकांड्या खाऊ लागले, ओकाऱ्या होऊ लागल्या किंवा कान वाहत असेल, तर कानात तेल न घालता त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करते. त्या दिवशी मायबापांपैकी कोणी हजर राहून हे सांगावे. पोर स्वतः सांगणार नाही.

कापणीला पुन्हा त्या गावी गेलो. बैल सोडलेल्या बंडीत तो एकटाच बसला होता, पाय खाली सोडून. मला पाहताच उतरला आणि आजीमागे लपला.