मोठा जिताडा परत सोडा

मंडळी, आमच्या दर्पण कॉलनीतली दोन घरं फेब्रुवारीत देवबाग-तारकर्लीला निघालीत. इथं ग्वाल्हेरला अजून अंगावरचे स्वेटर उतरले नाहीत, तिकडं कर्लीच्या खाडीचं पाणी कोमट. गळ टाकायचाच तर तिथलाच मच्छीमार सोबत घ्या. भरती-ओहोटी, खडक, तांबोशी कुठं दडते, सगळं त्याला ठाऊक. त्याच्याशी पैशांची घासाघीस नको.

आणि एक सांगतेच. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो! म्हणजे फोटोसाठी उचललेला सगळ्यात मोठा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादीच. तिला ओल्या हातांनी धरा, पटकन पाण्यात सोडा. आमचे हे म्हणतात, "एवढा खर्च करून मासा सोडायचा?" हो, सोडायचा. जेवणाला मालवणच्या बाजारात बांगडा आहे की.