गौरव प्राध्यापकांचा, कसोटी विद्यापीठांची

सप्टेंबर उजाडला, की विद्यापीठांच्या सभागृहांत सत्कारांची लगबग सुरू होते. डॉ. राधाकृष्णन यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या निमित्ताने उत्कृष्ट संशोधक, उत्कृष्ट अध्यापक व समाजसेवी प्राध्यापक अशी नावे व्यासपीठावरून पुकारली जातात. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि टाळ्यांचा कडकडाट असा हा सोहळा असतो. २०२३ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचे दार उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही खुले केले व त्या पहिल्या वर्षी १३ जणांचा त्यांत समावेश झाला. हे सर्व स्वागतार्हच आहे. ज्या समाजाला आपल्या गुणवंतांची कदर नसते, त्याच्या वाट्याला कालांतराने गुणवंतच येत नाहीत.

परंतु सोहळा आटोपला, हार सुकले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, की दुसऱ्या दिवशी काय घडते? संशोधन, अध्यापन आणि समाजसेवा या तिन्हींचा व्यासपीठावर सारखा जयघोष करणारे विद्यापीठ आपल्या कचेरीत बसून बढतीचा कागद हाती घेते, तेव्हा त्या कागदावर तिन्हींना सारखी जागा असते काय? आमचे स्पष्ट मत असे, की ती नसते. आणि जोवर ती नाही, तोवर हे सत्कार म्हणजे वर्षातून एकदा नेसावयाचे सोवळे ठरते.

मराठी मुलखाला या तीन कर्तव्यांचा संगम नवा नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९१ ते १९१४ अशी तेवीस वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. १९०० साली आश्रम हिंगण्यास नेला आणि हिंगणे ते शहर ही वाट ऊनपावसात पायी तुडविली. १९१६ साली त्याच कार्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. गणितातील एखाद्या नव्या शोधासाठी कोणी अण्णासाहेबांचे नाव घेत नाही. परंतु त्यांच्याइतका थोर प्राध्यापक या देशाने क्वचितच पाहिला असेल. काशी हिंदू विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली ती १९४२ साली, त्यांच्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. ‘भारतरत्न’ मिळाले ते १९५८ साली, शंभराव्या वर्षी. माणूस शतायुषी निघाला म्हणून गौरव हातात पडला, एवढेच म्हणावयाचे!

धनंजयराव गाडगीळांचे उदाहरण त्याहून निराळे. हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला आणि १९३० साली ते गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या विद्वत्तेला जगाची मान्यता होती. तरीही विठ्ठलराव विखे पाटील व प्रवरेकाठचे शेतकरी सहकारी साखर कारखान्याची जिद्द धरून उभे राहिले, तेव्हा हा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्यामध्ये जाऊन बसला आणि कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. ग्रंथातील सहकार आणि गव्हाणीतील ऊस यांची गाठ त्याने घातली. हे संशोधन होते, अध्यापन होते की समाजसेवा होती? आजच्या छापील नमुन्यातील कोणत्या रकान्यात ते भरावे?

आणि रकान्यांच्या बाहेर पडणाऱ्यांचे काय होते, हे दामोदर कोसंबींच्या चरित्रात वाचावे. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला हा गणिती १९३३ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत होता. तराजूत जुनी नाणी तोलून, त्यांच्या झिजेचा हिशेब संख्याशास्त्राने मांडून त्याने प्राचीन इतिहासाला बोलते केले. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घालून अश्मयुगीन हत्यारे गोळा केली आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. गणिताच्या प्राध्यापकाने नाणी तोलावीत, हे कोणत्याही नमुन्यात ‘स्वतःच्या विषयाबाहेरील’ कामच ठरावयाचे. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी असलेला त्यांचा करार पुढे वाढविला गेला नाही. १९६६ साली ते वारले आणि २००८ साली टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्यांची कदर जिवंतपणी करावयाची, त्यांची आपण बेचाळीस वर्षांनी पाकिटावर चिकटवून करतो.

आता आजच्या मोजमापाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या कामगिरीला गुण देण्याची पद्धत लागू केली. तिचे तीन भाग होते. अध्यापन व परीक्षाविषयक कामाला वर्षाला जास्तीत जास्त १२५ गुण. सहशैक्षणिक उपक्रम, विस्तारकार्य वगैरेंना मिळून जास्तीत जास्त ५० गुण. संशोधनाच्या भागाला मात्र एकूण गुणांची कमाल मर्यादाच नव्हती. शिकविण्याला कुंपण, लोकांत जाऊन काम करण्याला त्याहून आखूड कुंपण आणि छापण्याला मोकळे रान! जेथे रान मोकळे असते, तेथेच गुरे चरावयास जातात. यात गुरांचा दोष काढण्यात काय हशील?

परिणाम ठरलेलाच होता. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक गावोगाव माजले. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, निरनिराळ्या विद्यापीठांनी मान्यतेसाठी सुचविलेल्या व कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. जुलै २०१८ च्या नियमांनी ती जुनी गुणपद्धती मोडीत निघाली, हे खरे. पण आठ वर्षांत जडलेली सवय एका अधिसूचनेने जात नसते. वर्गात जीव ओतणारा शिक्षक ‘मागे पडला’ आणि निबंधांची रास घालणारा ‘पुढे गेला’, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले. तिने घेतलेला धडा ती सहजासहजी विसरणार नाही.

आमच्या भागाला या हिशेबाची झळ आणखी एका बाजूने लागली. त्याच २०१० च्या कोष्टकात एकट्याने लिहिलेल्या ग्रंथाला आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून निघाल्यास ५० गुण होते, राष्ट्रीय प्रकाशकाकडून निघाल्यास २५ आणि स्थानिक प्रकाशकाकडून निघाल्यास १५. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी वा कारवारकडचा एखादा प्राध्यापक गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेईल, देवळांतील शिलालेखांचे ठसे घेईल, बोलीतील शब्द वेचील आणि गावच्या छापखान्यात पदरमोड करून मराठी पुस्तक काढील, तर त्याची किंमत १५. पुस्तक आत उघडून पाहण्याची गरजच उरली नाही. प्रकाशकाचा पत्ता पाहिला की काम भागले! इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ मराठीत लिहिले आणि १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारताकडे पाहण्याची एका पिढीची नजर त्या पुस्तकाने बदलली. मानववंशशास्त्राच्या या विदुषीने मातृभाषेत लिहिले म्हणून तिचे पांडित्य उणावले, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्राध्यापकांच्या निवडीचा व बढतीचा नवा मसुदा जाहीर केला, त्यात भारतीय भाषांतील अध्यापन आणि समाजाशी संपर्क व सेवा यांना उल्लेखनीय कार्याच्या यादीत स्थान दिले होते. दिशा योग्य आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. तथापि यादीत नाव घालणे वेगळे आणि ते काम पारखण्याची यंत्रणा उभारणे वेगळे. नाही तर उद्या वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि सरपंचांचे शिक्के मारलेले दाखले यांचीही बाजारात विक्री सुरू होईल.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. गुणांचा हिशेब नको म्हणता, तर मग वशिल्याला वाव मिळेल. आकडा निदान कोणाचे तोंड पाहत नाही, असे अनेक प्रामाणिक प्राध्यापक आम्हांस सांगतात. ज्यांनी जातीमुळे, भाषेमुळे वा एखाद्या संचालकाच्या लहरीमुळे अन्याय सोसला, त्यांना आकड्याचा आधार वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण आकड्याने वशिला गेला काय? तो केवळ दारातून निघून खिडकीतून आत आला. वशिल्यावर खरा उतारा एकच आहे, तो म्हणजे उघडेपणा. ज्याचा गौरव करावयाचा त्याने नेमके काय केले, कोणी पाहिले आणि समितीने त्याला का निवडले, हे नावानिशी, सहीनिशी छापून लोकांसमोर ठेवा. खोटा गौरव उजेडात फार काळ तग धरीत नाही.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या थोरवीचा अर्ज स्वतःच भरावयाचा, ही प्रथा बंद झाली पाहिजे. भला शिक्षक प्रमाणपत्रांची फाईल काखोटीस मारून दारोदार फिरत नाही; त्याला तेवढा वेळही नसतो आणि त्याच्या स्वभावात ते बसतही नाही. शोधावयाचे काम विद्यापीठाचे आहे. शिक्षणाबद्दल विचारावयाचे तर पाच-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. परीक्षेची भीती आणि गुणांचा लोभ मागे पडल्यावर कोणाचा वर्ग स्मरणात राहिला, ते हीच मंडळी सांगतील. सेवेबद्दल विचारावयाचे तर त्या गावात जाऊन विचारा. संशोधनाबद्दल विचारावयाचे तर त्या विषयाच्या जाणत्याला पुस्तक वाचावयास द्या, मग ते कोणत्याही भाषेत असो, आणि त्याचे मत लेखी घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत कटू आहे. ज्यांच्या नशिबी कोणताही सत्कार नाही, अशा प्राध्यापकांची एक मोठी फळी आपल्या महाविद्यालयांत उभी आहे. महाराष्ट्रात ते तासिका तत्त्वावर राबतात, कर्नाटकात अतिथी म्हणून ओळखले जातात. ‘अतिथी’ शब्द किती गोड! पण या अतिथीला पान वाढले जाते ते तासांच्या हिशेबाने, आणि सुट्टी लागली की पानही उचलले जाते. कायम जागा रिकाम्या ठेवून वर्ग यांच्याकडून चालवून घ्यावयाचे आणि सत्काराची वेळ आली, की ‘हे नियमित सेवेत नाहीत’ म्हणून यांना प्रेक्षकांत बसवावयाचे, याला गौरव म्हणत नाहीत. चाळिशी गाठलेला विद्वान माणूस दर जूनमध्ये नेमणुकीच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवितो, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना विद्येची किंमत आपोआप कळते. त्यापुढे हजार मानपत्रे फिकी पडतात. शिक्षकाचा पहिला सन्मान म्हणजे हक्काची जागा आणि वेळेवर हाती पडणारा पगार, शाल त्यानंतर.

म्हणून आमची मागणी थोडक्यात अशी: व्यासपीठावर ज्या तीन गुणांचा उद्घोष होतो, त्या तिन्हींना बढतीच्या कागदावर समान मान द्या, मातृभाषेतील कामाचे मोल ते वाचून ठरवा, निवडीची कारणे जाहीर करा, आणि तासिकेवर राबणाऱ्यांना आधी सेवेत घ्या व तोवर पुरस्कारांच्या कक्षेत तरी आणा. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, इच्छा लागते. जागा भरावयास पैसा लागतो, आणि तो देणे हे सरकारांचे कर्तव्य आहे.

यंदाही सभागृहे सजतील, नावे पुकारली जातील. ज्यांचा सत्कार होईल त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करू. परंतु त्या क्षणी विद्यापीठांच्या धुरिणांनी मागच्या रांगांकडेही एकदा पाहावे. तेथे टाळ्या वाजवीत बसलेल्यांत एखादा असा शिक्षक असेल, की ज्याचे नाव कोणत्याही यादीत नाही आणि ज्याला त्याचे विद्यार्थी जन्मभर विसरणार नाहीत. त्याला शोधून व्यासपीठावर आणील, तेच विद्यापीठ गौरव करावयास लायक ठरेल.